पँटला सगळ्या स्लाव्हिक भाषांत वेगवेगळे शब्द का?

प्रागवासी

मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी प्रकाश टाकावा. आमच्या टीममध्ये एक रशियन, दोन पोलिश, एक स्लोव्हाक, एक सर्बियन बाई आणि बाकी झेक अशी खिचडी आहे. सगळे आपापल्या भाषेत बोलले तरी एकमेकांना बरंच कळतं. पाणी म्हणजे वोदा (पोलिश वोडा, तेच ते), हात रुका / रेंका, दोन, तीन, आई, भाऊ, सगळं जवळपास सारखं. पण कपड्यांवर गाडी आली की सगळे वेगवेगळ्या गावचे. पँटला रशियन श्तानी नाहीतर ब्र्यूकी, पोलिश स्पोद्न्ये, झेक कल्होती, स्लोव्हाक नोहावित्से, सर्ब पान्तालोने आणि क्रोएशियात ह्लाचे. सात शब्द आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही! मोज्यांचं तेच, टायचं तेच. म्हणजे हे लोक वेगळे होण्याआधी उघडेच फिरत होते की काय? दिवे घ्या, पण प्रश्न खरा आहे.

टवाळ

पयला!
थंडी बघता उघडे फिरत असतील तर सलाम आहे.

शब्दकीडा

छान धागा. उघडे नव्हते हो. झालं असं की कापड, सूत, शिवण, कंबरपट्टा ह्या जुन्या गोष्टींना जुने सामाईक शब्द आहेत. कंबरपट्टा पोयास / पास / पास्, थोडाफार फरक सोडला तर सगळीकडे तोच. पण कपड्याची फॅशन बदलते, आणि नवी फॅशन ज्याच्याकडून आली त्याचाच शब्दही येतो. पोलंड-बोहेमियाला जर्मन आणि इटालियन शेजार, बाल्कनमध्ये तुर्क, रशियाला आधी तातार आणि मग त्यांचा झार पीटर.

तुमच्या यादीतलंच घ्या. श्तानी तुर्की भाषाकुळातला, 'इच' म्हणजे आत आणि 'तोन' म्हणजे कपडा, म्हणजे मुळात आतली विजार. ब्र्यूकी डच, त्यांचा ब्रूक. पीटर 1697-98 मध्ये हॉलंडला जाऊन जहाजं बांधायला शिकून आला आणि 1700 पासून फर्मानं काढून दरबारी लोकांना आधी हंगेरियन आणि मग जर्मन धाटणीचे कपडे सक्तीचे केले, मॉस्कोच्या वेशीवर नमुन्याचे कपडे टांगून ठेवले होते आणि लांब अंगरखा घालून येणाऱ्याकडून दंड घ्यायचे. खलाशांबरोबर डच शब्दही आलेच. म्हणून आजही श्तानी घरगुती आणि ब्र्यूकी जरा इस्त्रीची.

आर्यपुत्र७

ह्या सगळ्या भाषा संस्कृतोद्भव आहेत हे मान्य केलं की प्रश्नच मिटतो. रशियन शर्ट 'रुबाश्का' = रूप + आच्छादक. फरचा कोट 'शूबा' = शुभ प्रसंगी घालायचा. पाश्चात्यांनी हे दाबून ठेवलं.

टवाळ

आणि श्तानी = सतत तानी (ताणून बसवलेली). मी तर नुकतीच दाबून बसवलीय, वय झालं.

शब्दकीडा

@आर्यपुत्र७ रुबाश्का हा 'रुब' पासून, म्हणजे जाडंभरडं फडकं, त्याचा संबंध रुबित म्हणजे कापणे, तोडणे ह्या क्रियापदाशी. ज्या रुबाश्काला आज लोकपोशाखात मान आहे ती मुळात चिंधीच.

आणि शूबा तर भलतंच मजेदार आहे. तो जर्मनमार्गे इटालियन 'जुब्बा' वरून आणि तो अरबी जुब्बा. रशियन स्कर्टला 'यूप्का' म्हणतात तोही फ्रेंच जूप, पोलिश यूपा असा फिरत फिरत त्याच अरबी जुब्ब्यापाशी पोचतो. आता आपला झब्बा कुठून आला? तिथूनच, फारसीमार्गे. म्हणजे मॉस्कोतल्या बाईचा फरकोट, तिचा स्कर्ट आणि गणपतीत तुम्ही घालता तो झब्बा ही तीन सख्खी भावंडं. शुभ प्रसंगाचा मुद्दा त्या अर्थाने बरोबरच आला म्हणा.

मृण्मयी_ताई

हसून हसून पुरेवाट. झब्ब्याचा स्कर्ट झाला हे वाचून नवऱ्याला दाखवलं, तो आता कपाट उघडून बघतोय.

डॉ_खोडसाळ

मी कझानला एमबीबीएस केलं (लातूरचे आम्ही एका बॅचला इतके होतो की होस्टेलच्या किचनमधे सोलापुरी शेंगा चटणीवरून भांडणं व्हायची), त्यामुळे कपड्यांचे रशियन शब्द ओरडा खाऊनच शिकलोय. पहिला शब्द खलात, म्हणजे डॉक्टरचा पांढरा कोट. खलात नसेल तर वॉर्डात पाऊल ठेवू देत नाहीत. घरात बायका घालतात तो गाऊनही खलातच. दुसरा शब्द पेतेल्का. हिवाळ्यात कॉलेजात शिरलं की जाडा कोट खाली गार्देरोबमध्ये द्यायचा, काउंटरपलीकडच्या आजी तो घेऊन खुंटीला लावतात आणि नंबराचा बिल्ला देतात. कोटाच्या कॉलरच्या आत अडकवायला जी छोटी नाडीची घडी शिवलेली असते ना, ती पेतेल्का. माझ्या कोटाची तुटली होती. आजींनी कोट वर धरून मागच्या अख्ख्या रांगेला दाखवला, 'बघा, डॉक्टर होणार हे, आणि पेतेल्का नाही'. त्या रात्री रूममेटकडून सुईदोरा घेऊन शिवली, टाके आजही आठवतात, वाकडे होते पण कोट पडला नाही.

तिकडे कायद्यात निष्काळजीपणाला शब्द आहे 'खलातनस्त', फौजदारी संहितेत 293 वं कलम आहे त्या नावाचं. म्हणजे घरच्या गाऊनवर ऑफिसचं काम करणारा तो खलातनी. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी नोंद घ्यावी.

शब्दकीडा

वा डॉक्टर! खलातचं मूळ अरबी खिलअत, राजाने अंगावर घालून दिलेलं मानाचं वस्त्र. आपल्या बखरींत आणि पत्रांत 'खिलत' येते ती हीच. दिल्लीहून, विजापूरहून सरदारांना खिलती यायच्या. तिकडे खानाच्या दरबारातून रशियन सरंजामदारांकडे शब्द गेला आणि घसरत घसरत गाऊनवर आला.

आणि तसाच दुसरा. रशियन बायकांचा तो बिनबाह्यांचा लांब झगा, सराफान. तो फारसी 'सरापा', डोक्यापासून पायापर्यंत. गंमत म्हणजे आधी तो पुरुषांचाही कपडा होता. आणि मराठीत तोच शब्द...

कऱ्हेकाठचा

शिरपाव!!
थांबा थांबा. म्हणजे पेपरात 'मानाचा शिरपाव' छापतात तो आणि बाहुल्या घालतात तो रशियन सराफान एकच?

शब्दकीडा

एकच. शिरपाव म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख बहाल करणं. मोल्सवर्थच्या शब्दकोशात बघा. पंजाबी सिरोपा पण तोच.

टवाळ

मला लहानपणी वाटायचं डोक्यावर ठेवायचा पाव आहे. मानाचा, म्हणजे बहुतेक मस्का लावलेला.

आर्यपुत्र७

शिर आणि पाव दोन्ही संस्कृत आहेत. शिरस् आणि पाद. उगाच फारसीला श्रेय देऊ नका.

शब्दकीडा

फारसी सर आणि आपलं शिर, फारसी पा आणि आपला पाद हे मुळातच नातेवाईक, त्यामुळे तुम्ही फोड केली तरी अर्थ तोच निघतो. पण जोडशब्द म्हणून तो दरबारातून आला, फारसी होऊन आला. नातं असणं वेगळं आणि उसनं घेणं वेगळं. चुलत्याकडून सायकल मागून आणली तर ती घरचीच होती असं म्हणता येत नाही ना.

आर्यपुत्र७

चुलता तरी मान्य केलात. हेही नसे थोडके.

संपादक

चर्चा छान चालली आहे, अशीच राहू द्या.

बेलग्रेडकरीण

अरे मला आज दिसला हा धागा! मी पार इकडे सर्बियात, सासर इथलंच. तुम्ही रशियातच अडकलाय, बाल्कनमध्ये या, इथे तर मराठी माणसाला अर्धा बाजार कळतो. सासूबाई घरात शिरल्या शिरल्या पहिलं काय म्हणाल्या तर 'पापुचे घाल'. इथे दारात पाहुण्यांसाठी सपातांची रांगच असते, अनवाणी फरशीवर चाललं की आता आजारी पडणार म्हणून घर डोक्यावर घेतात. पापुचे = तुर्की पाबुच = फारसी पापोश = आपला पायपोस! पाय झाकणारा. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही ही म्हण मी भाषांतर करून सांगितली तर सासऱ्यांनी सरळ सरकारवर लावली.

आणखी ऐका. खिसा म्हणजे जेप, अरबी जैब, हिंदी जेब. दुकानात सामान घालायची पिशवी म्हणजे केसा, फारसी कीसा, म्हणजे आपला खिसाच. पहिल्यांदा दुकानदाराने 'केसा पाहिजे का' विचारलं तेव्हा माझा हात केसांकडे गेला. मोजे म्हणजे चारापे, हिंदी जुराब. बटण दुग्मे, तेही तुर्की. पण क्रोएशियात गेलं की बटण 'गुम्ब' होतं कारण त्यांना हंगेरियन शेजार होता. बुटाला त्सिपेले म्हणतात तो मात्र दोघांनीही हंगेरीकडून घेतला.

प्रागवासी

@बेलग्रेडकरीण ताई तुमची तर लॉटरीच आहे. आमच्याकडे मोजे पोनोश्की, पो + नोहा (पाय), अगदी स्वदेशी. पण पोलिश मित्र स्कार्पेती म्हणतात आणि स्वतःच सांगतात की इटालियनमध्ये तो छोटा बूट.

डॉ_खोडसाळ

रशियनमध्ये मोजे नस्की, म्हणजे सरळ सरळ छोटी नाकं. नोस म्हणजे नाक, बुटाचं पुढचं टोकही नाकच. @आर्यपुत्र७ हे घ्या, नोस आणि नासा एकाच मुळाचे, आज तुमचा दिवस आहे.

पोलिश चड्डीला माइत्की म्हणतात, त्याचा उगम कुणी सांगेल का? एक पोलिश मित्र म्हणाला खलाशाचा संबंध आहे, मला वाटलं फेकतोय.

शब्दकीडा

फेकत नाहीये. माइतेक म्हणजे खलाशी, डच मात वरून, म्हणजे जहाजावरचा जोडीदार. खलाशांच्या विजारी त्या माइत्की, आणि मग आखूड होत होत चड्डी झाली. ह्या डच लोकांनी अख्ख्या उत्तर युरोपाच्या कमरेखालचा भाग व्यापलाय.

वळीवडेकर

अवांतर आहे पण राहवत नाही. आमच्या कोल्हापूरशेजारी वळीवड्याला 1943 ते 48 पोलिश निर्वासितांची छावणी होती, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका नि मुलं, सोव्हिएत हद्दीतून सुटून इराणमार्गे आलेली. आमचे आजोबा सांगायचे की त्या बायका स्वतः शिवून घालायच्या आणि कापड निवडताना दुकानदाराच्या नाकी नऊ आणायच्या, मोडक्या मराठीत घासाघीस करायच्या. कुठला पोलिश शब्द आजोबांना येत असता तर आज तुमच्यापुढे मिरवला असता.

मृण्मयी_ताई

वळीवड्यावर वेगळा धागा काढाच हो तुम्ही. नक्की.

शिंपीदादा

आमचं घराणं शिंपीकामाचं, तिसरी पिढी, म्हणून जरा आत शिरतो. वर पोयास, कापड वगैरे झालं पण शिवायचं काय? ह्या सगळ्या भाषांत शिवणे ह्या क्रियापदाला काय म्हणतात ते कुणी सांगा.

डॉ_खोडसाळ

रशियन शित.

प्रागवासी

झेक शीत. पोलिश शिच. अरे!!

बेलग्रेडकरीण

शिती. आमचं पण.

शब्दकीडा

दादा, एक नंबर प्रश्न. संस्कृत सीव्यति, मराठी शिवणे, रशियन शित, इंग्लिश सो, सगळं एकाच घराण्यातलं आणि उसनं नाही, वारशाचं. धाग्याच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. शिवायचं काम सगळ्यांनी घरून आणलं, शिवलेला माल मात्र ज्याने त्याने आपापल्या बाजारातून नाव लावून घेतला.

तसंच कपडे ह्या अर्थाचा रशियन अद्येझ्दा, झेक ओद्येव, पोलिश ओज्येश, सर्ब ओदेचा. ह्यातलं मूळ 'दे' म्हणजे ठेवणे, घालणे. संस्कृत धा. म्हणजे अद्येझ्दा आणि आपलं परिधान ह्यांची धातू एकच, फक्त उपसर्ग वेगळा.

आर्यपुत्र७

मी हेच पहिल्यापासून सांगत होतो.

टवाळ

तुम्ही रूपाच्छादक सांगत होतात.

डॉ_खोडसाळ

परिधानवरून आठवलं. रशियनमध्ये नाद्येत म्हणजे स्वतःच्या अंगावर कपडा चढवणे आणि अद्येत म्हणजे दुसऱ्या कुणाला कपडे घालणे. रशियन लोक स्वतःच चुकतात, म्हणून शाळेत घोकून घेतात: 'अद्येत नाद्येझ्दू, नाद्येत अद्येझ्दू'. नादेझ्दा नावाच्या मुलीला कपडे घाला, कपडे अंगात घाला. आमच्या भाषेच्या मॅडम चुकलं की टेबलावर पेन आपटून हेच म्हणायच्या. नादेझ्दा म्हणजे आशा, आणि त्यातही तोच 'दे' आहे म्हणे.

शब्दकीडा

आहे. बरोबर.

शिंपीदादा

आता आमच्या धंद्यातला एक देतो. शर्टाला पोलिश लोक काय म्हणतात?

प्रागवासी

कोशुला. झेक कोशिले. सर्ब कोशुल्या. घ्या, शर्टाच्या बाबतीत तरी एकी आहे. रशियन रुबाश्का आणि बल्गेरियन रिझा मात्र वेगळे. रिझा रशियनमध्ये पाद्र्याचा झगा ना डॉक्टर?

डॉ_खोडसाळ

हो, आणि देवाच्या चित्रावर चांदीचा पत्रा मढवतात तोही रिझा.

शिंपीदादा

कोशुला लॅटिन कासुलावरून आलाय असं वाचलं, आणि कासुला म्हणजे छोटं घर, झोपडी. अंगावरचं घर. आता आम्ही बटणासाठी जे भोक पाडून कडेने टाके घालतो ते काज. काज कुठून आला? पोर्तुगीज काझा, म्हणजे घर, बटणाचं घर. गोव्याकडून वर आलेला शब्द. मी वीस रुपयाला सहा काजं करतो त्यात अख्खं रोम आहे हे गिऱ्हाईकाला कसं सांगू, रेट वाढवता येईल का?

टवाळ

काज नको, काझा म्हणा. पस्तीस रुपये. शिवाय दर चौरस फुटाने.

मृण्मयी_ताई

हे काजाचं मला माहीतच नव्हतं! वाचनखूण साठवली आहे.

कऱ्हेकाठचा

आपल्याकडून तिकडे गेलेले शब्द नाहीत का काही? सगळी उसनवारी तिसऱ्याकडूनच चाललीय.

शब्दकीडा

आहेत की. पिझामा (पायजमा, फारसी शब्द पण इंग्रजांनी हिंदुस्तानातून नेला). आणि सीतेत्स, म्हणजे छापील सुती कापड. ते डच 'सिट्स' वरून आणि ते आपल्या छीट / चीट वरून. आज्या चिटाचा परकर म्हणायच्या ना, तेच चीट. मॉस्कोच्या ईशान्येला इवानोवो म्हणून गाव आहे ते ह्या सीतेत्ससाठीच प्रसिद्ध, गिरण्यांत बायका इतक्या की त्याला नवऱ्यांचं, म्हणजे नवरीमुलींचं शहर म्हणतात. रशियात लग्नाचा पहिला वाढदिवस पण सीतेत्सचा असतो, जशी आपली रौप्यमहोत्सवी पंचविशी.

बेलग्रेडकरीण

बल्गेरियात जीन्सला दंकी म्हणतात, माझी बल्गेरियन जाऊ म्हणते ते डंगरीवरून. आणि डंगरी तर आपल्या मुंबईच्या डोंगरीच्या जाड्या कापडावरून ना? सर्बियात मात्र जीन्स म्हणजे फार्मेर्के, शेतकऱ्यांची. क्रोएशियात त्रापेरित्से, ट्रॅपर म्हणजे फासेपारध्यांची. जीन्स कुठल्या सिनेमात कोण घालून आलं त्यावर नाव पडलं असणार.

टवाळ

डोंगरीचं कापड घालून सोफियात हिंडतायत आणि आम्ही फॅशन स्ट्रीटला बार्गेन करतोय.

प्रागवासी

टाय राहिला. रशियन गाल्स्तुक हा जर्मन हाल्सटूख, गळ्याचं फडकं. पण खुद्द जर्मन आता क्रवाटं म्हणतात, आणि तो शब्द क्रोएट लोकांवरून, ते स्वतःला ह्र्वात म्हणवतात. 17 व्या शतकात फ्रान्सच्या राजाकडे पगारी क्रोएट घोडेस्वार होते, ते गळ्यात रुमाल बांधायचे, पॅरिसवाल्यांनी ती फॅशन उचलली. क्रोएशियात 18 ऑक्टोबरला टायचा दिवस करतात. म्हणजे स्लाव्ह लोकांनी युरोपला टाय दिला आणि रशियनने तो जर्मनांच्या टाकून दिलेल्या नावाने परत घेतला.

शब्दकीडा

आता परत पँटवर, कारण मूळ प्रश्न तिथे होता. तुमच्या सात शब्दांतले झेक कल्होती आणि क्रोएशियन ह्लाचे बघा. कल्होती इटालियनमार्गे लॅटिन कालिगावर जातो, कालिगा म्हणजे रोमन शिपायाचं जोडं (तो वेडा सम्राट कालिगुला म्हणजे 'छोटं जोडं'). ह्लाचेसुद्धा लॅटिन काल्केआ, काल्केउस म्हणजे जोडाच. जोड्यावरून मोजा, मोज्यावरून लांब मोजा, तो वाढत वाढत कमरेपर्यंत आला. स्लोव्हाक नोहावित्से तर थेट नोहावरून, पाय, आणि नोहाचं नातं आपल्या नखाशी. पोलिश स्पोद्न्ये म्हणजे फक्त 'खालचे'. सर्ब पान्तालोने इटालियन नाटकातल्या एका म्हाताऱ्या पात्राच्या विजारीवरून. सातही शब्द सात दिशांनी आलेत, आणि आपण सहाही ठिकाणी पँटच म्हणतोय, आपली उसनवारीच एकगठ्ठा आहे.

आर्यपुत्र७

नख हे संस्कृत आहे.

टवाळ

दादा, आता बास. ते तुम्हाला दिलंय कधीचं.

डॉ_खोडसाळ

एक अपवाद टाकतो, मग अभ्यास आहे. हातमोजे. झेक, स्लोव्हाक, सर्ब सगळीकडे रुकावित्से, पोलिश रेंकाविच्की, रशियात एकबोटी लोकरी हातमोजे रुकावित्सी. सगळे रुका म्हणजे हातावरून, कुणाकडून उसने नाहीत. हात गारठल्यावर शेजारच्या राजाच्या दरबारात शब्द मागायला कोण जाणार.

प्रागवासी

हो पण बोटं असलेल्यांना रशियन पेर्चात्की म्हणतात ना? मग तेही गेलं.

डॉ_खोडसाळ

पेर्स्त म्हणजे बोट, स्वदेशीच आहे तोही. जास्त त्रास देऊ नका, उद्या व्हायवा आहे. आणि पेतेल्का तपासा आपापल्या.

मृण्मयी_ताई

टोप्यांबद्दल कुणीच बोललं नाही?? शापका, शल्यापा, कोकोश्निक... कोकोश्निकचं मूळ कोंबडी आहे असं ऐकलंय.

शब्दकीडा

कोकोश, कोंबडी, खरं आहे, तुऱ्यावरून. बाकीचं उद्या टंकतो, जेवायला हाक आलीये.